ताकोत्सुबो आणि बंद फोनचे शनिवार

"तुमच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "कुठेही ब्लॉक नाही."

मला नुकतंच अँजिओग्राफीच्या खोलीतून बाहेर आणलं होतं. अँजिओग्राफी म्हणजे मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून औषध सोडतात आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचे फोटो काढतात. माझ्या मनगटावर घट्ट पट्टा बांधलेला होता. माझे पती सॉलोमन उशाशी उभे होते. त्यांनी मोठा श्वास सोडला. मलाही वाटलं, चला, सुटलो.

"पण हृदय नीट काम करत नाहीये," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "हा नेहमीचा हार्ट अटॅक नाही. याला ताकोत्सुबो कार्डिओमायोपॅथी म्हणतात."

हा शब्द मी त्यांना दोनदा म्हणायला लावला. ताकोत्सुबो हे जपानमधल्या एका मडक्याचं नाव आहे. अरुंद गळ्याचं आणि गोल पोटाचं ते मडकं ऑक्टोपस पकडायला वापरतात. मोठा मानसिक धक्का बसला की काही जणांच्या, विशेषतः आमच्या वयाच्या बायकांच्या, शरीरात ताणाची रसायनं एकदम उसळतात. त्यामुळे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं टोक लुळं पडतं आणि त्या मडक्यासारखं फुगतं. मी येलहंक्यातल्या एका शाळेत वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं. हृदयाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याला गणती नाही. हे नाव मात्र मी पहिल्यांदा ऐकत होते.

"गेल्या काही तासांत काही धक्का बसला होता का?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचं नाव श्रीनिधी. माझ्या मुलीच्याच वयाच्या असतील. "घरात कोणी गेलं का?"

"नाही," मी म्हटलं. "निदान अजून तरी तसं कळलेलं नाही."

तेव्हा सॉलोमननी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. मी आत असताना मुलीचा मेसेज आला होता. आम्ही तिघंही ठीक आहोत, नेटवर्क नव्हतं, काळजी करू नका.

मी तो वाचला. डॉक्टरांनीही वाचला. "छान," त्या म्हणाल्या. "पण हृदयाला ही बातमी समजायला वेळ लागेल."

आम्ही कोण, ते आधी सांगायला हवं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. माझं माहेर ठाण्याचं. सॉलोमन हवाई दलात तंत्रज्ञ होते. शेवटची नेमणूक येलहंक्याला झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच घर घेतलं. बंगळूरमध्ये आमची माणसं मोजकीच आहेत आणि आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, नाही. सणाला कोणाच्या तरी घरी जमतो. दवाखान्यातल्या बाईंनी माझा धर्म विचारला तेव्हा सॉलोमननी 'ज्यू' सांगितलं, आणि बाईंनी 'क्रिश्चन' लिहिलं. त्या दिवशी ते दुरुस्त करायला कोणाला सवड नव्हती.

आमची मुलगी याएल नर्सिंग शिकली आणि इस्राएलला गेली. आमच्या समाजातली खूप मुलं जातात. दक्षिणेकडच्या एका गावात वृद्धांच्या निवासात ती काम करते. नवरा एतान तिथेच वाढलेला, पण त्याचे आजीआजोबा अलिबागकडचे. त्यांची मुलगी नोआ चार वर्षांची आहे. युद्ध सुरू झालं तसं एतानला राखीव सैनिक म्हणून बोलावलं आणि याएल आणि नोआ घरी दोघीच राहिल्या.

तेव्हापासून माझ्या फोनवर तिकडच्या सायरनचं ॲप होतं. त्यांच्या गावात सायरन वाजला की माझ्या स्वयंपाकघरात फोन किंचाळायचा. कुकर लावताना, भाजी घेताना, दात घासतानाही तो माझ्या हाताशी असायचा. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर व्हिडिओ यायचे आणि मी ते सगळे बघायचे. येलहंक्यात लढाऊ विमानांचा आवाज आम्हाला नवा नाही. इतकी वर्षं त्या आवाजात मी मुलांचे पेपर तपासले. आता मात्र विमान गेलं की हातातलं भांडं खाली पडायचं. सॉलोमन म्हणायचे, "अगं, ते आपलं विमान आहे." मला ते ठाऊक होतं, पण हात ऐकत नव्हते.

मला दवाखान्यात नेलं तो शुक्रवार होता. शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या आमच्या विसाव्याच्या दिवसासाठी, मी मनुका भिजवल्या होत्या. आमच्याकडे द्राक्षारसाऐवजी मनुकांचं सरबत करून त्यावर आशीर्वाद म्हणतात. दुपारी याएलचा व्हिडिओ कॉल आला. नोआ मला तिचा नवा फ्रॉक दाखवत होती. तेवढ्यात तिकडे सायरन वाजला. याएल "मम्मी, नंतर" म्हणाली, नोआला उचललं आणि पळाली. फोन टेबलावरच राहिला. मला त्यांच्या घराचं छत आणि पंखा दिसत होता. मग मोठा आवाज झाला, छत हललं आणि कॉल तुटला.

त्यानंतर फोन लागेना.

थोड्या वेळाने छातीच्या मधोमध कोणीतरी गुडघा ठेवल्यासारखं वाटू लागलं. जबडा दुखायला लागला. पाठीला घाम फुटला. मला वाटलं ॲसिडिटी आहे. मी गोळी चघळली आणि पुन्हा फोन लावायला घेतला. इथे मला थांबून सांगायचं आहे. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम यांपैकी काहीही झालं तर, मनात कितीही काळजी चालू असली तरी, 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून घरात बसू नका. टेन्शनमुळेच झालं होतं, पण तरीही ते हृदयाचंच दुखणं होतं. घरात बसून दोन्हींतला फरक कळत नाही.

आमच्या शेजारी गौरी अक्का राहतात. त्यांच्या मुलाने गाडी काढली. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर नेहमीसारखी गाड्यांची रांग होती. सॉलोमन माझा हात धरून हळू आवाजात शेमा म्हणत होते. देव एक आहे असं सांगणारी ती आमची प्रार्थना आम्ही सकाळ-संध्याकाळ म्हणतो आणि शेवटच्या क्षणीही म्हणतो. ते कोणत्या हिशेबाने म्हणत होते हे मी विचारलं नाही.

दवाखान्यात ईसीजीत बिघाड दिसला. ट्रोपोनिन वाढलेलं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा पदार्थ रक्तात उतरतो. मग इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात इजेक्शन फ्रॅक्शन मोजतात, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते. निम्म्याहून जास्त ढकलायला हवं. माझं एक तृतीयांशाच्या आसपास होतं.

मला अतिदक्षता विभागात ठेवलं. तिथे वेळ समजत नाही. पडदा, यंत्राचा आवाज, औषध, पुन्हा यंत्राचा आवाज. फोन काढून घेतला होता. पहिल्या दिवशी मी तो सारखा मागितला. दुसऱ्या दिवशी मागायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

नंतर मला दोन खाटांच्या खोलीत हलवलं. शेजारच्या खाटेवर झुबेदा नावाच्या बाई होत्या. इथल्याच शिवाजीनगरच्या राहणाऱ्या, झडपेचं ऑपरेशन झालेल्या. त्या खाटेवर बसूनच नमाज पढायच्या. मी पुस्तक धरून तेहिल्लिम, म्हणजे आमची स्तोत्रं, वाचायचे. त्यांनी विचारलं, मुलगी कुठे असते? मी म्हटलं, बाहेरगावी. देशाचं नाव घ्यायचं मी टाळलं. भिंतीवरच्या टीव्हीवर कधी कधी युद्धाच्या बातम्या लागायच्या, आणि त्यात ढिगाऱ्यांतून मुलांना शोधणाऱ्या सीमेपलीकडच्या बायका दिसायच्या. झुबेदाबाई डोळे पुसायच्या. मीही पुसायचे. आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो.

तिथेच आणखी एक गोष्ट घडली.

याएल राहते ती इमारत जुनी आहे. घरात सुरक्षित खोली नाही. सायरन वाजला की जिने उतरून तळघरात जावं लागतं. तळमजल्यावर मार्सेल नावाच्या मोरोक्कोच्या आजी राहायच्या. मी तिकडे राहायला गेले होते तेव्हा आमची गट्टी जमली. त्यांना मराठी येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही. आम्ही दुपारभर मटार सोलत बसायचो, त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, मी माझ्या. दोघींनाही सगळं कळायचं.

सॉलोमनच्या फोनवरून व्हिडिओ कॉल व्हायचा तेव्हा मी दर वेळी विचारत होते, "मार्सेल आजी कुठेयत? त्यांना माझा शालोम सांग." याएल म्हणायची, झोपल्यायत. दुसऱ्या दिवशी म्हणाली, बाजारात गेल्यायत. मार्सेल आजींना दाराबाहेर जायला काठी आणि माणूस लागायचा. त्या बाजारात कशा जातील, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

मग एकदा फोन नोआच्या हातात होता. मी तिलाही तेच विचारलं.

"मार्सेल आजी नाहीये, आजी," नोआ म्हणाली. "तिचं घर तुटलं. ती खाली आलीच नाही."

माझे ठोके मोजणाऱ्या यंत्राने लगेच शिट्टी मारली. नर्स धावत आल्या. सॉलोमननी फोन हिसकावून घेतला. त्यांचा चेहरा बघून मला समजलं की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी रडले नाही. मला प्रचंड राग आला. सॉलोमनना मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "माझ्यापासून काय काय लपवलंय? एतान आहे ना? की तोही बाजारात गेलाय?"

"एतान ठीक आहे," ते म्हणाले. "शपथ."

"मी का विश्वास ठेवू?"

ते खुर्चीत बसले आणि हाताने तोंड झाकलं.

डॉ. श्रीनिधी संध्याकाळी आल्या. आता मला रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी ईसीजी पाहिला, ठोके ऐकले आणि सॉलोमनकडे वळल्या.

"सर, तुम्ही चांगल्या हेतूनेच केलंत," त्या म्हणाल्या. "पण लपवल्याने पेशंट शांत राहत नाही, एकटा पडतो. आता त्या प्रत्येक 'ठीक आहे'वर शंका घेतील. हृदयाला तो ताण जास्त आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि मॅडम, तुम्ही दिवसभर सायरन ऐकणार असाल तर माझ्या गोळ्या काय करतील? खरं कळायला हवं. पण प्रत्येक मिनिटाला नको. दोन्ही जमेल असं काहीतरी तुम्हीच शोधा. ते मला जमणार नाही."

त्या रात्री सॉलोमन घरी गेल्यावर माझ्या मनात आलं, याएलने हे सगळं कोणाला सांगितलं असेल? दुसऱ्या दिवशी सकाळी मी सॉलोमनना तिला फोन लावायला सांगितलं. म्हटलं, "काय झालं ते सगळं सांग. मी झोपूनच ऐकते."

ती बराच वेळ बोलली. नोआला कडेवर घेऊन उतरताना तिने मार्सेल आजींचं दार वाजवलं होतं. त्यांनी आतून आवाज दिला, तू मुलीला घेऊन पुढे हो, मी येतेच. आणि याएल पुढे गेली. "मी थांबायला हवं होतं का, मम्मी?" ती विचारत राहिली. एतान आघाडीवर, त्याला सांगता येत नव्हतं. तिला हे मला सांगायचं होतं, आणि नेमकं माझ्यापासूनच लपवायला तिला सांगितलं होतं.

मी तिला म्हटलं, "तुझ्या कडेवर मूल होतं. तू पुढे जावंस असं त्यांनीच सांगितलं होतं." ती खूप रडली. यंत्राने शिट्टी मारली नाही.

घरी सोडायच्या दिवशी मी झुबेदाबाईंना सांगितलं, माझी मुलगी आणि नात इस्राएलमध्ये असतात. मग त्यांनी विचारलं, "बच्ची कितनी बड़ी है?" मी म्हटलं, चार वर्षांची. त्यांनी मान हलवली आणि पिशवीतलं एक संत्रं काढून माझ्या हातात दिलं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी सोपवलेला प्रश्न समोर होता. तो सोडवायला मोझेस अंकल आले. ते हेब्बाळला राहतात, वयाने आमच्यात सगळ्यांत मोठे, आणि सणाची प्रार्थना तेच चालवतात.

ते म्हणाले, "अगं, आपल्याकडे आठवड्यातला एक दिवस फोन बंद ठेवायची सोय आधीपासून आहे. आपणच ती वापरत नाही."

आम्ही शब्बाथ पाळायचो, पण आमच्या पद्धतीने. दिवा लावायचा, सरबत, प्रार्थना, आणि मग टीव्ही. फोन तर कधीच बंद केला नव्हता. आणि आता, युद्ध चालू असताना, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत फोन बंद ठेवायचा? मी म्हटलं, "अंकल, त्या वेळात काही झालं तर?"

"झालं तर झालेलं असेल. तू फोन धरून बसलीस म्हणून थांबणार आहे का?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचाच असतो, हा आपलाच नियम आहे. तशी वेळ आली तर कोणीतरी येऊन सांगेल, अशी व्यवस्था करू."

व्यवस्था अशी झाली. याएलकडे गौरी अक्कांचा नंबर दिला. शनिवारी खरोखर काही घडलं तरच तिने त्यांना कळवायचं, आणि अक्कांनी येऊन मला सांगायचं. शिवाय ग्रुपवर व्हिडिओ टाकणं अंकलनी बंद केलं. फक्त ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं टाकायची. सायरनचं ॲप मी स्वतः काढून टाकलं. बाकीच्या दिवशी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा याएलशी बोलायचं आणि तिने जे असेल ते सगळं सांगायचं, असं ठरलं.

पहिला शनिवार फार वाईट गेला. कोरमंगल्याहून अविवा आली होती. ती मूळची आमच्या ठाण्याचीच, आयटीत नोकरी करणारी, तिशीतली मुलगी. शुक्रवारी ऊन उतरायच्या आत आली आणि मुक्कामालाच राहिली. आम्ही दिवा लावला, जेवलो. शनिवारी सकाळी मी फोन ठेवलेल्या कपाटाभोवतीच घुटमळत होते. अविवाने मला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि तिच्या पीजीतल्या रूममेटच्या भानगडी सांगत बसली. दुपारी दाराची बेल वाजली. उघडलं तर गौरी अक्का.

भिंतीला धरून मी खाली बसले.

"अय्यो, टीचर!" अक्का घाबरल्या. त्यांच्या हातात कोसंबरीचा, म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीच्या कोशिंबिरीचा, डबा होता. "पूजा होती, स्वल्प प्रसाद आणला!"

नंतर आम्ही खूप हसलो, पण त्या वेळी अक्काच माझ्याहून जास्त रडल्या. तेव्हा एक नियम वाढवला. शनिवारी अक्कांनी प्रसाद द्यायलासुद्धा यायचं नाही. आणि बातमी घेऊन आल्याच तर माणूस जिवंत आहे की नाही, हे पहिल्या वाक्यात सांगायचं. 'बसा, पाणी घ्या, घाबरू नका' यातलं काहीही आधी म्हणायचं नाही.

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या.

पुढचे शनिवार सोपे होत गेले. कधी अविवा यायची, कधी मोझेस अंकल आणि त्यांची बायको. आम्ही तेहिल्लिम वाचायचो. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना आमच्याकडे त्याच्या आईचं नाव घेतात. माझी आई जाऊन खूप वर्षं झाली. येलहंक्याच्या आमच्या बैठकीच्या खोलीत, तिला कधीही न पाहिलेली ही माणसं दर शनिवारी तिचं नाव घेत होती, मला बरं वाटावं म्हणून. ते ऐकताना मनाला काय होतं हे नीट सांगता येणार नाही. इतकंच की त्या दिवशी छाती हलकी असायची.

मला देवाबद्दल शंका आल्या का? आल्या. मार्सेल आजी रोज माझ्याहून जास्त प्रार्थना करायच्या. हे मी अंकलना विचारलंही. ते म्हणाले, "मला माहीत नाही गं. मी फक्त पान उलटतो." त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही, म्हणून मी वाचत राहिले.

मग एका शनिवारी दुपारी बेल वाजली.

अविवा स्वयंपाकघरात होती. सॉलोमननी दार उघडलं. गौरी अक्का आत आल्या, थेट माझ्यासमोर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "टीचर, एतान जिवंत आहे. पायाला लागलंय. ऑपरेशन चालू आहे. याएल आणि नोआ पापू घरी आहेत, त्यांना काही झालेलं नाही."

मी खुर्चीचा हात धरला. हृदय जोरात पळायला लागलं. दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं तसा मी श्वास हळूहळू बाहेर सोडत राहिले. अविवाने येऊन माझा दुसरा हात धरला. कोणी 'रडू नकोस' म्हटलं नाही. थोड्या वेळाने छातीत बारीक दुखलं. सॉलोमन लगेच म्हणाले, "चल." शब्बाथ होता, पण त्यांनी गाडीची किल्ली उचललीसुद्धा. नियम माहीत होता.

कॅज्युअल्टीत ईसीजी झाला. रक्त तपासलं. थोडा वेळ थांबवून पुन्हा तपासलं. डॉ. श्रीनिधींची सुट्टी होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी त्यांना फोन करून अहवाल वाचून दाखवले आणि फोन माझ्या हातात दिला.

"मॅडम, काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं हृदय घाबरलं आणि परत जागेवर आलं. निरोगी हृदय तेच करतं."

एतानचा पाय वाचला. त्यात सळई घातली. तो लंगडतो आणि पुढेही थोडा लंगडेल, असं म्हणतात. तिकडच्या रुग्णालयातून त्याने मला फोन केला तेव्हा मी त्याला त्याच्या ईसीजीबद्दल विचारलं आणि तो खो खो हसला. आम्ही दोघं पेशंट झाल्यापासून जावई-सासूपेक्षा एका वॉर्डातल्या माणसांसारखे बोलतो. कोणती गोळी कधी, झोप लागते का, आवाजाला दचकायला होतं का. दोघांनाही होतं.

माझा पुढचा इको झाला तेव्हा डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. कप्प्याचं टोक बाकीच्या भिंतींबरोबर आत-बाहेर होत होतं. इजेक्शन फ्रॅक्शन निम्म्याच्या वर गेलं होतं. "हा आजार बहुतेकांचा असाच भरून येतो," त्या म्हणाल्या. "परत होऊ शकतो. पण आता तुम्हाला त्याची ओळख आहे."

ज्यांची माणसं लांब, युद्धाच्या गावात आहेत, त्यांना मला थोडंच सांगायचं आहे. बातमी बघणं म्हणजे आपल्या माणसाला राखणं नाही. मला ते तसं वाटत होतं. फोन खाली ठेवला तर मी मुलीला सोडून दिलं असं वाटायचं. आणि घरातल्यांनो, लपवू नका. खरं सांगा, आणि सांगून झाल्यावर तिथेच बसून राहा. आपला धर्म जो असेल तो, आपली माणसं जी असतील ती, त्यांना घरात येऊ द्या. मी आधी येऊ देत नव्हते. मला वाटायचं, माझी काळजी माझ्यापुरती आहे.

त्यानंतर आमच्या घरी मलिदा केला. मलिदा म्हणजे एलियाहू हानावी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने आम्ही करतो ती आभाराची प्रार्थना. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. कोरमंगला, व्हाइटफील्ड, हेब्बाळ, जिथून जमेल तिथून लोक आले. गौरी अक्कांना मी मुद्दाम बोलावलं होतं. टेबलावर फोन उभा करून ठेवला होता आणि त्यात याएल, नोआ आणि कुबडी घेऊन बसलेला एतान दिसत होते.

मोठ्या आजारातून किंवा संकटातून वाचलेल्या माणसाने दहा जणांसमोर म्हणायचा एक आशीर्वाद आमच्याकडे आहे. त्याचा अर्थ असा, की जे पात्र नाहीत त्यांचंही जो भलं करतो त्याचे आभार, त्याने माझं भलं केलं. मी तो आजवर प्रवासातून परत आलेल्या लोकांच्या तोंडून ऐकला होता, स्वतः कधी म्हटला नव्हता. मी उभी राहिले. 'पात्र नाहीत' या शब्दांपाशी मला मार्सेल आजी दिसल्या, दाराआडून 'पुढे हो' म्हणणाऱ्या, आणि मी तिथेच अडले. कोणी घाई केली नाही. मी पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत म्हटलं.

त्या आशीर्वादाचा दुसरा भाग आपण म्हणायचा नसतो. तो ऐकणाऱ्यांनी म्हणायचा: ज्याने तुझं भलं केलं, तो तुझं सदैव भलं करो. खोलीतले सगळे एकदम ते म्हणाले. फोनमधून एतानचा आवाज थोडा मागाहून आला, सगळे थांबल्यावर. मग सगळे आमेन म्हणाले.

गौरी अक्का माझ्याजवळ सरकल्या. "टीचर, आमेन म्हणजे काय?"

"तसंच होवो," मी म्हटलं.

त्यांनी पदर सावरला आणि हात जोडले. फोनमधल्या नोआकडे बघत त्या तेच कन्नडमध्ये म्हणाल्या, "हागे आगली."